दूरचित्रवाणीची हस्तनिर्मित ओळखचित्रे : हाताची खूण आणि तिचे प्रयोजन

१

दूरचित्रवाणीच्या कोणत्याही वाहिनीवर दोन कार्यक्रमांच्या मधल्या जागेत पाच ते दहा सेकंदांचे एक लहानसे चलत्‌चित्र येऊन जाते. काही आकार हलतात, एकमेकांत मिसळतात आणि अखेरीस वाहिनीचे बोधचिन्ह सिद्ध होते. त्याच वेळी चारदोन स्वरांची एक सुरावट पुरी होते. ह्या व्यवसायातील मंडळी त्याला ‘आयडेंट’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यास ‘ओळखचित्र’ म्हटले आहे. त्यात कथा नसते, पात्रे बहुधा नसतात आणि कर्त्याचे नाव तर कधीच नसते. प्रेक्षक ते पाहतो असे म्हणण्यापेक्षा ते त्याच्या डोळ्यांवरून जाते, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. तथापि एखाद्या वाहिनीवरील कार्यक्रम विस्मरणात गेल्यावरही तिचे ओळखचित्र व त्याची सुरावट मनात टिकून राहते, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

अशी ओळखचित्रे आज संगणकावर अल्पावधीत सिद्ध होतात. असे असता एखाद्या वाहिनीने ती हाताने, म्हणजे कागदावर रेखाटून, मातीने घडवून अथवा रांगोळीने काढून करवून घ्यावीत ह्याला काही सबळ कारण आहे काय? ‘हाताच्या कामात जिव्हाळा असतो’ हे उत्तर नेहमी दिले जाते. परंतु ते भावनेचे उत्तर आहे, त्यावरून कोणताही अभिकल्प ठरविता येत नाही. ह्या लेखाचे प्रतिपादन असे की, ओळखचित्रातील हस्तकर्माचे दोन भिन्न प्रकार आहेत. एकात हात हे केवळ साधन असते आणि कर्त्याची सारी खटपट तो झाकण्याकडे असते. दुसऱ्यात हात ही खूण असते आणि ती दिसावी म्हणूनच तो योजिलेला असतो. हे दोन प्रकार वेगळे ओळखल्याखेरीज हस्तनिर्मित ओळखचित्राचा विचार नीट होऊ शकत नाही. हा भेद स्पष्ट होण्यासाठी प्रथम कल्याणकडे वळू.

२

मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्यूमिएर बंधूंच्या चलत्‌चित्रांचा पहिला खेळ झाला, हे सर्वश्रुत आहे. त्याच्या चार वर्षे आधी, १८९२ मध्ये, कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन ह्यांनी ‘शांबरिक खरोलिका’ ह्या नावाने आपल्या दीपयंत्राचे खेळ सुरू केले होते. रामचंद्र आणि विनायक हे त्यांचे पुत्रही ह्या कामात होते. शांबरी म्हणजे माया, शंबरासुराची विद्या. नावावरूनच खेळाचे स्वरूप लक्षात यावे. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगविलेली चित्रे प्रकाशाच्या साहाय्याने पडद्यावर मोठी करून दाखवावयाची आणि त्यांच्या जोडीला निवेदन व संगीत द्यावयाचे, अशी ही रीत होती. योगायोग असा की, त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला पॅरिसमध्ये एमिल रेनो ह्यानेही हाताने रंगविलेल्या चित्रपट्टीचे खेळ सुरू केले.

दीपयंत्रात चित्राला गती देण्याच्या युक्त्या मोजक्याच होत्या. एका काचेवर दुसरी काच सरकविणे, अथवा दोन यंत्रे एकाच जागी रोखून एकाचा प्रकाश मंद करीत दुसऱ्याचा वाढविणे, ह्यांसारख्या त्या युक्त्या. गती किती वेळ चालावी, कोठे थांबावी, हे खेळ करणारा त्या त्या वेळी ठरवी. म्हणजे येथे हात दोनदा येतो : एकदा चित्र रंगविताना आणि दुसऱ्यांदा ते दाखविताना. परिणामी कोणतेही दोन खेळ तंतोतंत सारखे होत नसत. पुढे दादासाहेब फाळके ह्यांनी १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. काड्यांची मांडणी किंचित बदलून एकेक चौकट टिपावयाची, ही त्यातील पद्धत. ह्या लघुपटात दुसरा हात गळाला. चित्र घडविणारा हात राहिला, दाखविणारा हात यंत्राने घेतला. दूरचित्रवाणीचे ओळखचित्र ह्या दुसऱ्या परंपरेतले आहे : ते एकदाच घडते आणि हजारो वेळा जसेच्या तसे दाखविले जाते. हस्तनिर्मित ओळखचित्रापुढील मूळ अडचण हीच आहे, आणि तिच्याकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

३

हात हे साधन असलेल्या प्रकाराचे एक आद्य उदाहरण ब्रिटनमधील आहे. बी. बी. सी.चे पहिले सचेतन ओळखचिन्ह २ डिसेंबर १९५३ रोजी प्रक्षेपित झाले. ते अब्राम गेम्स ह्या चित्रकाराने केले होते. वटवाघळाच्या पंखांसारखा तो आकार रेखाटलेला नव्हता. ती तारांची व हलत्या दिव्यांची एक प्रत्यक्ष रचना होती आणि तिचे चित्रण करण्यात आले होते. पाहणाऱ्यास मात्र तार, दिवा वा यंत्रणा ह्यांचा संशयही येऊ नये, केवळ प्रकाशाचा आकार दिसावा, हा हेतू होता.

आपल्याकडील उदाहरण दूरदर्शनचे आहे. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि वरळीच्या मनोऱ्यावरून येणाऱ्या लहरी पकडण्यासाठी ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील चाळींच्या व इमारतींच्या छपरांवर ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे अँटेना उभे राहू लागले. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले आणि त्याच वेळी त्याचे सुपरिचित ओळखचित्र प्रथम दिसले. चिन्हाची मूळ कल्पना अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेतील देवाशिष भट्टाचार्य ह्या विद्यार्थ्याची. विकास सातवळेकर हे त्या वेळी तेथे अध्यापक होते व त्यांनी दिलेल्या अभ्यासातून ती पुढे आली. तिला गती दिली ती त्याच संस्थेतील आर. एल. मिस्त्री ह्यांनी. सुरावट पंडित रविशंकर ह्यांची असून सनईवादन उस्ताद अली अहमद हुसेन खाँ ह्यांचे होते.

ह्या ओळखचित्राची रचना आजही अभ्यसनीय आहे. चिन्हातील दोन वक्राकार अवयव व मधला गोल ह्यांच्या प्रती कॅमेऱ्याखाली फिरवीत टिपल्या गेल्या, आणि फिरता फिरता त्या जुळून अखेरीस डोळ्याचा आकार तयार झाला. म्हणजे मूळ आकार एकच, गती त्याच्या आवर्तनाची. चित्रसंख्या कमी ठेवून गतीचा भरघोसपणा साधण्याची ही युक्ती साधनांच्या टंचाईतून आली असली, तरी तिच्यातून अर्थही निष्पन्न झाला : विखुरलेल्या प्रतिमा एकत्र येऊन दृष्टी होते. मात्र हे सारे हाताने केलेले आहे, असे त्या काळच्या प्रेक्षकाच्या मनात क्वचितच आले असेल. तसे ते यावे अशी अपेक्षाही नव्हती. शासकीय माध्यमाला स्थैर्य व नि:पक्षपातीपणा सूचित करावयाचा होता; रेषेचा कंप त्या हेतूला बाधकच ठरला असता. येथे हात परिपूर्ण असणे म्हणजे अदृश्य असणे.

४

संगणकाच्या आगमनाने ह्या पहिल्या प्रकाराचे प्रयोजनच संपले. अदृश्य राहण्याचे काम यंत्र हातापेक्षा चांगले करते. ह्या बदलाचा पुरावा एकाच अभिकल्पकाच्या दोन कामांत मिळतो. १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये चॅनल फोर ही वाहिनी सुरू झाली, तेव्हा मार्टिन लँबी-नेर्न ह्यांनी तिच्या चार ह्या अंकाचे रंगीत ठोकळे संगणकाच्या साहाय्याने अवकाशात उडविले व जुळविले. त्या वेळी ते नवल होते. नऊ वर्षांनी, १९९१ मध्ये, बी. बी. सी.च्या दुसऱ्या वाहिनीचे काम त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी दोन ह्या अंकाच्या प्रत्यक्ष वस्तू घडविल्या, त्यांवर रंग उडविला, प्रकाश पाडला आणि त्या चित्रित केल्या. मधल्या काळात उडणारे चकचकीत अंक सर्वत्र झाले होते. वेगळेपण आता वस्तूच्या पोतात उरले होते. ज्याने संगणकाची वाट प्रथम दाखविली, तोच पुढे हाताने घडविलेल्या वस्तूकडे वळला, ही गोष्ट ‘जुने ते सोने’ ह्या वृत्तीने स्पष्ट होत नाही. तिचे कारण ओळखचित्राच्या कार्यात आहे : वाहिनी ओळखू यावयाची तर ती इतरांपासून निराळी दिसली पाहिजे.

हात ही खूण म्हणून योजण्याचा दुसरा मोठा प्रयोग संगीतवाहिन्यांनी केला. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत सुरू झालेल्या एम. टी. व्ही.ने चिन्हाची बाह्याकृती कायम ठेवून तिचा रंग, पोत व गती दर वेळी बदलू दिली. निरनिराळ्या सचेतनपटकारांनी ती माती, कागद, वस्तू, रेखाटने अशा नाना साधनांनी घडविली. ह्या वाहिन्या भारतात आल्यावर मुंबईतही अशा कामाला वाव मिळाला. चॅनल व्ही वाहिनीसाठी वैभव कुमारेश ह्यांनी मातीत घडविलेले ‘सिंपू’ हे पात्र हे त्याचे सुपरिचित उदाहरण होय. मातीवर उमटलेले बोटांचे ठसे पुसून टाकण्याऐवजी ते राहू देणे, हा अशा कामातील एक निर्णय असतो. ते पाहताच प्रेक्षकाला कळते की, कोणीतरी ही वस्तू चौकटीगणिक हलविली आहे. म्हणजे येथे हात स्वतःविषयी विधान करतो.

ह्यावरून पहिला निष्कर्ष असा निघतो : ज्या वाहिनीला अधिकारवाणीने बोलावयाचे आहे तिला हाताची खूण उपकारक असेलच असे नाही, ज्या वाहिनीला आपण अमुक ठिकाणचे, अमुक लोकांतले आहोत असे सांगावयाचे आहे, तिला ती उपकारक ठरते. कारण हात हा नेहमी कोणाचा तरी असतो.

५

आता प्रत्यक्ष रचनेचा विचार करू. डोंबिवलीसारख्या शहरातील एखाद्या स्थानिक वाहिनीसाठी दहा सेकंदांचे ओळखचित्र करावयाचे आहे, असे गृहीत धरू. आपल्या दूरचित्रवाणीत दर सेकंदास २५ चौकटी असतात. तेव्हा एकूण २५० चौकटी झाल्या. प्रत्येक रेखाटन दोन चौकटी धरून ठेवण्याचा प्रघात आहे व डोळ्यास तेवढी गती पुरेशी सलग भासते. त्या हिशेबाने १२५ रेखाटने लागतील.

तथापि चित्रांची संख्या ठरविण्याआधी ध्वनी ठरविणे श्रेयस्कर होय, कारण ओळखचित्राचा शेवट कानाला पटावा लागतो. येथे लय निवडताना अंकगणिताकडे लक्ष द्यावे लागते. मिनिटाला १२० मात्रांची लय घेतल्यास प्रत्येक मात्रेस साडेबारा चौकटी येतात आणि अर्धी चौकट तर असत नाही. त्याऐवजी मिनिटाला १२५ मात्रा धरल्यास मात्रेस नेमक्या १२ चौकटी, म्हणजे सहा रेखाटने येतात. तीनतालाचे एक आवर्तन १६ मात्रांचे. ते १९२ चौकटींत, म्हणजे ७.६८ सेकंदांत पुरे होते. १९३ व्या चौकटीवर सम येते व तेथेच चिन्ह पूर्ण होते. उरलेल्या ५८ चौकटी चिन्ह स्थिर राहते. ह्या योजनेत गतीसाठी ९६ रेखाटने लागतात.

स्थिर भागात मात्र एक धोका आहे. आतापर्यंत सजीव असलेली रेषा एकाच चित्रावर थांबली, तर ती एकाएकी मृत भासते. म्हणून त्याच चिन्हाची तीन रेखाटने पुन्हा नव्याने गिरवून ती आळीपाळीने दाखवितात. प्रत्येकास चार चौकटी दिल्यास तिघांचे एक चक्र १२ चौकटींत, म्हणजे बरोबर एका मात्रेत पुरे होते, आणि आकार न हलताही रेषा श्वास घेत राहते. हा कंप म्हणजेच हाताची खूण. ९६ आणि ३ मिळून ९९ रेखाटने. प्रत्येक रेखाटन वेध घेणाऱ्या खुंट्यांवर नीट बसविलेले असले पाहिजे, नाहीतर रेषेऐवजी संपूर्ण चित्रच थरथरते आणि तो दोष ठरतो. कंप रेषेचा हवा, कागदाचा नको.

दुसरे बंधन पडद्याचे. जुन्या प्रक्षेपणात ६२५ ओळींपैकी सुमारे ५७५ ओळी चित्राच्या असत व त्या एकाआड एक अशा दोन फेऱ्यांत उमटत. उच्च प्रतीच्या प्रक्षेपणातही ही आंतरगुंफित पद्धत अद्याप प्रचारात आहे. परिणामी एकाच ओळीइतकी बारीक आडवी रेषा एका फेरीत दिसते व दुसरीत लोपते, आणि ती सतत लुकलुकते. म्हणून आडव्या रेषांची जाडी दोनतीन ओळींहून कमी ठेवू नये. तसेच जुन्या संचांत चित्राच्या कडा झाकल्या जात. त्यामुळे महत्त्वाची हालचाल प्रत्येक कडेपासून पाच टक्के व अक्षरे दहा टक्के आत ठेवण्याचा नियम पडला. हे संच आता मागे पडले असले, तरी नियम सोडण्याचे कारण नाही.

रेखाटनाऐवजी रांगोळी हे साधन घेतल्यास काय होईल? पाडव्याच्या स्वागतयात्रेच्या वाटेवर रांगोळी काढणारे कुशल हात डोंबिवलीत उपलब्ध आहेत. काळ्या फळीवर रांगोळी घालावयाची, वरून कॅमेरा पक्का करावयाचा, रेषा थोडी पुढे न्यावयाची, हात बाजूला घ्यावयाचा व दोन चौकटी टिपावयाच्या. ह्या पद्धतीत वेगळे रेखाटन उरत नाही. आधीची अवस्था पुढच्या अवस्थेत विरते आणि चूक झाल्यास मागे जाता येत नाही. चित्र पूर्ण काढून ते पुसत पुसत टिपावे व उलटे दाखवावे, ही खडूच्या कामातील युक्ती येथे उपयोगी नाही, कारण रांगोळी पुसली की फळीवर फिकट डाग राहतो. खिडक्या झाकाव्या लागतात, नाहीतर दिवसाचा बदलता प्रकाश चौकटींतून लुकलुकतो. पंखा बंद ठेवावा लागतो, हे सांगावयास नकोच.

आता पूर्वी उल्लेखिलेल्या अडचणीकडे येऊ. असे ओळखचित्र दिवसातून वीस वेळा दाखविले, तर वर्षात ७,३०० वेळा दिसते. हाताच्या कामाचे आकर्षण त्याच्या एकमेवत्वात असते. आणि तेच जसेच्या तसे हजारो वेळा आले की रेषेचा जिवंत कंपही पाठ होऊन जातो. उंबऱ्यापुढची रांगोळी रोज दिसते, पण ती रोज नव्याने काढली जाते, म्हणून ती शिळी होत नाही. पटवर्धनांच्या खेळातही हाच गुण होता. यंत्राच्या माध्यमात तो काही अंशी परत आणावयाचा तर एकच मार्ग आहे : एक मोठे ओळखचित्र करण्याऐवजी त्याच सुरावटीवर व त्याच अंतिम चिन्हावर निरनिराळ्या हातांनी पाचसहा ओळखचित्रे करावीत. समेची चौकट सर्वांत समान, तिच्याकडे येण्याची वाट प्रत्येकाची निराळी. खर्च वाढतो हे खरे. परंतु हाताची खूण हवी असेल तर हा खर्च अनावश्यक म्हणता येणार नाही.

६

हात कोणाचा तरी असतो असे वर म्हटले. त्यातून एक नैतिक प्रश्न उद्भवतो व तो ठाणे परिसरात विशेष तीव्र आहे. ‘स्थानिक’ दिसावयाचे म्हटले की येथील अभिकल्पकाची दृष्टी प्रथम वारली चित्रांकडे जाते. डहाणू, जव्हार, तलासरी हे वारल्यांचे तालुके १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते व आता पालघर जिल्ह्यात आहेत. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचे पाणी, टोक ठेचलेली बांबूची काडी, आणि त्रिकोण, वर्तुळ व रेषा एवढीच सामग्री. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हशे (१९३४–२०१८) ह्यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणली व त्यांस २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. तारपानृत्याची वळत जाणारी रांग तर जणू गतीसाठीच रेखाटलेली भासते.

परंतु संगणकावर दोन त्रिकोण जोडून केलेली आकृती वारली हाताची खूण ठरत नाही. ती तिची नक्कल होय. काडीने रेषा ओढताना पीठ कोठे दाट व कोठे विरळ उतरते, त्रिकोणाच्या बाजू किंचित वाकतात. नकलेत हे सारे प्रथम नाहीसे होते. शिवाय विवाहप्रसंगी भिंतीवर लिहिला जाणारा चौक हा अलंकार नाही. तो सुवासिनींनी विधिपूर्वक लिहावयाचा असतो व त्यात पालघट देवीचे स्थान असते. तो दर अर्ध्या तासाने जाहिरातींच्या मध्ये फिरविणे कितपत उचित, हे त्या समाजालाच विचारले पाहिजे. खूणरूप हस्तकर्माचे तत्त्व प्रामाणिकपणे स्वीकारले, तर त्यातून ओघानेच हे प्राप्त होते की, ज्याच्या हाताची खूण हवी त्यास कामावर घ्यावे, मोबदला द्यावा आणि नाव द्यावे.

७

नावाचा प्रश्न केवळ वारली चित्रकारांपुरता नाही. ओळखचित्रावर श्रेयनामावली नसते. प्रभातची तुतारी वाजविणारी स्त्री आपण सर्व ओळखतो, परंतु तिच्या चित्रणात कोणाकोणाचा हात होता, हे किती जणांस सांगता येईल? १९५६ नंतर फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगपट विभागात क्लेअर वीक्स ह्या अमेरिकन तज्ज्ञाच्या हाताखाली गो. के. गोखले, राम मोहन आदी कलावंत तयार झाले. त्यांच्या चित्रपटांची नोंद आहे. परंतु दूरचित्रवाणीच्या मधल्या जागांसाठी जे काम अशा शिक्षित हातांनी पुढे केले, त्याची तशी नोंद राहत नाही. वाहिनीने रूप बदलले की जुने ओळखचित्र थांबते. रेखाटनांचे गठ्ठे व चौकटींचे तक्ते त्याच दिवशी निरुपयोगी ठरतात. चित्रफीत उरली तरी तीवरून ९९ रेखाटने कोणत्या क्रमाने व का केली गेली, हे कळत नाही. ते तक्त्यावरून कळते, अथवा करणाऱ्याच्या तोंडून.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस येथे संशोधनाचे एक निकडीचे क्षेत्र आहे. ठाणे, कल्याण व डोंबिवली येथून मुंबईच्या स्टुडिओंत दररोज लोकलने जाऊन रेखाटने स्वच्छ करणारे, रंग भरणारे, कॅमेऱ्याखाली चौकटी टिपणारे अनेक जण आता निवृत्तीच्या वयात आहेत अथवा त्यापलीकडे गेले आहेत. त्यांच्या मुलाखती, त्यांच्यापाशी उरलेले तक्ते, खुंट्यांच्या पट्ट्या, सुटे कागद, ह्यांचा संग्रह विभागाने हाती घ्यावा. पटवर्धनांचा खेळ आज आपल्याला ठाऊक आहे, कारण त्याचे नाव व त्याचे कर्ते ह्यांची आठवण राखली गेली. ओळखचित्राचे काम ओळख देण्याचे. ते करणाऱ्यांची ओळख मात्र अद्याप कोणी लिहून ठेवलेली नाही. ती लिहिण्यास थोडीच वर्षे हाती आहेत.